मंगळवार, गुरुवार, शनिवार

देवाच्या इच्छेला शरण जाणं या विषयावर नाताळच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असं आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, अंकाचे संपादक म्हणाले. मी त्यांना सांगितलं, की हा विषय पाळकसाहेबांचा. मी आयुष्यभर डायलिसिसची मशीन चालवली. ते म्हणाले, "मग त्याचंच लिहा ना." बहुधा त्यांना पानं भरायची असावीत. मी मात्र तीन आठवडे विचार करत बसलो आणि दरवेळी एकच बाई डोळ्यांसमोर आली. त्यामुळे नोकरीला कसा लागलो, बढती कधी मिळाली, ते सगळं सोडून देतो.

आधी कामाबद्दल थोडं सांगायला हवं. मूत्रपिंडं बंद पडली की शरीरातलं पाणी आणि घाण बाहेर जायला वाट राहत नाही. मग आठवड्यातून तीनदा, दरवेळी चार तास, माणसाला मशीनला जोडावं लागतं. हातात दोन जाड सुया घालायच्या. एकीतून रक्त बाहेर येतं, नळकांड्यातून गाळून निघतं, दुसरीतून परत आत जातं. आपलंच रक्त नळीतून फिरताना दिसतं. त्याची सवय पेशंटला महिन्याभरात होते, घरच्यांना होत नाही. ते सुरुवातीला खाटेजवळ बसतात, तीन-चार महिन्यांनी बाहेरच्या बाकावर, आणि वर्षभरानं गेटवर सोडून निघून जातात. मी त्यांना दोष देत नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं कोण किती वर्षं येणार?

नवीन माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, "मी बरा कधी होईन?" याचं उत्तर देणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम. यानं कोणी बरं होत नाही. माणूस परवापर्यंत जगतो आणि परवा पुन्हा येतो.

नागपूरच्या ज्या धर्मादाय दवाखान्यात मी होतो तिथे आठ खाटा होत्या. सुई लावण्यात माझा हात चांगला होता. हे मीच लिहितो, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही. ऑपरेशन करून पेशंटच्या हातातली शीर आणि धमनी जोडलेली असते. तिथे बोट ठेवलं की आत गुरगुरल्यासारखं लागतं. मी डोळे मिटून त्या गुरगुरीवरून जागा शोधायचो. पेशंट हट्ट धरून बसत, "मेश्रामभाऊले बोलवा, त्याईच्याच हातानं लावून घेईन."

पथ्य मोठं कडक. पाणी मोजून प्यायचं, तेही नागपूरच्या मे महिन्यात. नारळपाणी बंद. आणि संत्री बंद, कारण त्यातलं पोटॅशियम हृदय थांबवू शकतं. संत्र्याच्या गावात राहून संत्रं खायचं नाही. बुटीबोरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका चादरीखाली संत्रं सोलताना सापडले होते. वास आठही खाटांवर पोचला होता. मी फोडी काढून घेतल्या तर म्हणाले, "भाऊ, खात नव्हतो गा. नुसता हात लावून राहिलो होतो." त्यांच्यावर ओरडावं की हसावं ते मला कळलं नव्हतं.

आता रूथबाई.

त्या सक्करदऱ्याला दोन खोल्यांत राहत, ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवत. पन्नाशीच्या आतबाहेर. नवरा फार पूर्वी गेलेला, मूल नाही. भाऊ कन्हानला होता, तोही वारला आणि भावजयीनं येणंजाणं तोडलं. आमच्या फॉर्मवर नातेवाइकाचं नाव आणि फोन नंबर लिहावा लागतो. रूथबाईंनी ती जागा कोरी ठेवली. मी म्हटलं, "कोनाचं तरी नाव द्या बाई, वेळप्रसंगी कोनाले फोन कराचा?" त्या म्हणाल्या, "माझ्याच नंबरावर करा. उचलला तर समजा मी आहे."

त्यांना चार नंबरची खाट मिळाली. येताना एकट्या, जाताना एकट्या. डायलिसिसनंतर माणसाच्या पायांत जीव राहत नाही, तरी भिंतीला धरून ऑटोपर्यंत चालत जायच्या. कोणी हात दिला की झिडकारायच्या. भांडखोर तर होत्याच. वजनकाटा चुकीचा आहे, पाणी जास्त काढलं, कालच्या पोरीनं सुई वाकडी लावली. एकदा माझ्या शर्टाची बाही उसवलेली दिसली तर खाटेवरून म्हणाल्या, "मशीन चालवता, अन् बाही पहा कशी आहे. पुढच्या वक्ती घेऊन या." मी नेला. त्यांनी शिवून आणला तो असा, की टाका शोधून सापडेना.

मी ख्रिस्ती आहे, मंडळीत वडील आहे, म्हणजे पंचांपैकी एक आहे, हे त्यांना कळलं तेव्हापासून चार तासांतला अर्धा तास देवावर जायचा. त्यांची मंडळी दुसरी, पण देव तोच. मी काम करता करता हो-हो म्हणायचो.

एका शनिवारी त्यांनी विचारलं, "भाऊ, देवाची इच्छा काय आहे हे कसं ओळखाचं?"

त्याच वेळी सहा नंबरची मशीन ओरडायला लागली. त्या पेशंटचं ब्लडप्रेशर खाली जात होतं. मी तिकडे धावता धावता म्हणालो, "आपली इच्छा सोडून द्याची बाई. बाकी तो पाहून घेते."

हे वाक्य मी शेकडो वेळा बोललो होतो. दुखणाईताच्या घरी, मयताच्या घरी, प्रार्थनासभेत. ते तोंडात तयारच असायचं. सहा नंबरचा पेशंट सावरला, मी पुढच्या कामाला लागलो आणि रूथबाई चार तास पूर्ण करून गेल्या.

मंगळवारी त्या आल्या नाहीत. फोन लागत होता, उचलत नव्हत्या. एखादी खेप चुकते कोणाची. लग्न असतं, गावाला जातात. गुरुवारी खाट रिकामी राहिली तेव्हा सिस्टर म्हणाली, "कुठं गेल्या असतील काय?" शनिवारी फोनही बंद. तीन खेपा चुकल्या म्हणजे काय होतं ते मला माहीत होतं. पाणी आधी पायांत साचतं, मग पोटात, मग फुप्फुसात, आणि माणूस कोरड्या खोलीत बुडतो.

त्या दुपारी ड्यूटी संपल्यावर मी फॉर्मवरचा पत्ता घेऊन सक्करदऱ्याला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. रूथबाई पलंगावर उशा रचून, टेकून बसल्या होत्या. आडवं होता येत नव्हतं. चेहरा सुजून ओळखू येईना. पायांना बोट लावलं असतं तर खड्डा पडला असता. शिवणयंत्रावर धुतलेली चादर नीट चारही कोपरे ओढून घातली होती. गिऱ्हाइकांचे कपडे त्यांनी परत करून टाकले होते, शिवलेले आणि न शिवलेलेही.

"बाई, हे काय करून राहिल्या तुमी?"

त्या तीन-चार शब्द बोलून श्वास घ्यायच्या. "तुमीच म्हनलं ना... सोडून द्या. मी सोडलं."

मी तिथेच स्टुलावर बसलो. बावीस वर्षं मी लोकांना जगवलं असं मला वाटत होतं, आणि या बाईला मी धावता धावता, मागे वळूनही न पाहता, मरायला सांगून आलो होतो.

मी म्हणालो, "तुमी चुकीचं समजल्या."

"मग बरोबर काय आहे, सांगा."

मला सांगता येईना. इतकी वर्षं मी ते बोलत होतो आणि त्याचा अर्थ काय, हे एका माणसानं समोर बसून विचारल्यावर माझ्याजवळ काहीच नव्हतं. शेवटी जे खरं होतं तेच बोललो. आजवर ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या मुलालाही नाही.

आठ महिन्यांपूर्वी माझी बायको सुलोचना गेली होती. सकाळी डोकं दुखतं म्हणाली, दुपारी मेंदूत रक्तस्राव, संध्याकाळी अतिदक्षता विभाग. मी बाहेर उभा राहून प्रार्थना केली. शेवटी, सवयीनं, 'माझ्या नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे' म्हणालो. अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले. मला वाटलं, मीच देऊन टाकली तिला. ते वाक्य मी बोललो नसतो तर? तेव्हापासून रविवारी सगळी मंडळी प्रभूची प्रार्थना म्हणायची तेव्हा 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' या ओळीपाशी मी नुसते ओठ हलवत होतो. पुढच्या बाकावर बसून. वडील म्हणून.

हे सगळं मी रूथबाईंना सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमाले जमलं नाही... तर मले काहून सांगतलं?"

"सवयीनं, बाई. माझं लक्ष सहा नंबरकडे होतं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता शिव्या देतील. पण त्या वेगळंच बोलल्या. "मी थकली, भाऊ. दुखनं नाही थकवत. एकटी येते, एकटी जाते. नाही आली तर कोन म्हनते ये म्हनून? आठवडा झाला, कोनी दार वाजवलं नाही."

"मी आलो ना."

"तुमी आज आले."

मी उठलो, चपला त्यांच्या पायांशी ठेवल्या. त्या पायांत जात नव्हत्या. म्हणालो, "चला बाई. देवाच्या इच्छेचं मले काही समजत नाही. मी सांगून राहिलो, चला."

त्यांनी उशा बाजूला सारल्या. मग हात पुढे केला. कोणाचा हात न घेणारी ती बाई माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून ऑटोपर्यंत आली.

डॉक्टर मला पाहून इतकंच म्हणाले, "उद्या आणली असती तर सरळ खाली न्यावी लागली असती." खाली म्हणजे शवागार. ऑक्सिजन लावला, तातडीची मशीन लावली. मी बोट ठेवून गुरगुर शोधली आणि सुई लावली. तासाभरानं त्यांचा श्वास थोडा मोकळा झाला. पहिलं वाक्य पूर्ण बोलल्या ते असं: "यंत्रावरची चादर काढून ठेवा लागन."

त्या दिवसानंतर मी एक नेम केला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सहाला त्यांना फोन करायचा. "निघाल्या का?" एवढंच विचारायचं. त्या चिडून म्हणायच्या, "निघून राहिली ना बापा, काहून घाई करता." मग मीही घरून निघायचो. खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या घरात सकाळी ऐकू येणारा तो एकच माणसाचा आवाज होता. मुलगा पुण्याला; त्याचा फोन रविवारी यायचा.

काही आठवड्यांनी मशीनवर असताना त्या आपण होऊन बोलल्या. "भाऊ, त्या वक्ती मी सोडलं नव्हतं. मी त्याले अट घातली होती. एक तर बरी कर, नाहीतर घेऊन जा. हे मधातलं, सुयांचं, मले मंजूर नाही असं म्हनून बसली होती. अन् नाव दिलं समर्पन."

"मग आता?"

"आता मधातलं घेऊन राहिली." मग थोड्या वेळानं, "रोज घ्या लागते. कालचं आज चालत नाही."

आमच्या मंडळीत मोठमोठे वक्ते येऊन गेले. त्यातल्या कोणाचं एक वाक्य मला आज सांगता येणार नाही. हे आठवतं.

असं दोन वर्षं आणि वर काही महिने चाललं. त्या भांडणं करत राहिल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा ब्लाउज नीट बसत नाही म्हणून मशीनवर पडल्यापडल्या मापं घेतली. नाताळला सगळ्या स्टाफला रुमाल शिवून दिले. मग हातातली ती शीर बंद पडली. गुरगुर थांबली. मी बोट ठेवून किती वेळ शोधत बसलो. दुसऱ्या हाताला ऑपरेशन केलं, तेही टिकलं नाही. मानेत नळी घातली, तिला जंतुसंसर्ग झाला आणि त्यांना वरच्या वॉर्डात दाखल करावं लागलं. पुढे तर मशीन लावली की दहा मिनिटांत प्रेशर खाली. शरीरच घ्यायला तयार नव्हतं.

डॉक्टरांनी त्यांना सरळ सांगितलं. मशीन लावत राहू, पण त्यानं फायदा होईल असं आता वाटत नाही. मशीनवरच जाण्याची शक्यता जास्त. न लावता श्वासाचा त्रास कमी राहील अशी औषधं देता येतील. ठरवायचं त्यांनी. त्यांनी एक दिवस मागितला. त्यांचे पाळक येऊन भेटून गेले. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता नको."

मी वॉर्डात गेलो आणि त्यांच्याशी भांडलो. माझ्या नोकरीत मी हे कधी केलं नव्हतं. "एकदा पाहू ना. मी हळू चालवतो मशीन. पूर्ण वेळ जवळ बसतो. चला बाई."

"नाही, भाऊ."

"मागच्या वक्तीही तुमी असंच बसल्या होत्या. तेव्हाही तुमाले देवाची इच्छा वाटली होती."

"त्या वक्ती मी रागात होती." त्या हसल्या, ओठ फाटलेले होते. "आता राग नाही. आता तर शनिवारी मशीनवर याले मिळालं असतं तर मले आवडलं असतं."

मी खिडकीकडे पाहत उभा राहिलो. माझ्या लक्षात आलं, की मी त्यांच्यासाठी बोलत नव्हतो. सकाळी सहाला मी कोणाला फोन करणार होतो?

"प्रार्थना करा माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "ते वाक्य धरून. वगळू नका."

मी स्टूल ओढून बसलो. त्यांचा हात हातात घेतला. सुरुवात केली, देवाचे आभार मानले, त्यांच्या वेदनांसाठी मागितलं, डॉक्टरांसाठी, सिस्टरांसाठी, आठही खाटांसाठी मागितलं. मी लांबवत होतो हे त्यांना कळत होतं. शेवटी मी थांबलो. शेजारच्या खाटेवर कोणीतरी खोकत होतं. मग मी ते बोललो. माझ्या इच्छेप्रमाणे नाही. तुझ्या.

या ठिकाणी 'आणि माझ्या मनात अपूर्व शांती पसरली' असं लिहायची पद्धत आहे. तसं काही झालं नाही. सुलोचनाच्या वेळी बोललो होतो तेच शब्द होते. फक्त या वेळी ते सवयीनं आलं नव्हतं. मला माहीत होतं मी काय देत होतो, आणि ते माझं नव्हतं हेही माहीत होतं.

रूथबाई आमेन म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता घरी जा, जेवून घ्या. माझ्याजवळ सिस्टर आहे, सारे आहेत. तुमच्याजवळ कोन आहे?"

त्या चार दिवसांनी, सोमवारी सकाळी गेल्या. मी सात नंबरच्या पेशंटला सुई लावत होतो, सिस्टरनं येऊन कानात सांगितलं. मी सुई लावली, चिकटपट्टी लावली, मशीन सुरू केली आणि मग वर गेलो. चेहऱ्यावरची सूज उतरलेली होती. कितीतरी दिवसांनी त्यांचा स्वतःचा चेहरा दिसला.

दफनाला त्यांचे पाळक, गल्लीतल्या सात-आठ बायका आणि मी. कन्हानची भावजय आली होती, उशिरा, आणि माती टाकताना फार रडली. बायकांतल्या एकीनं मला विचारलं, "तुमी त्याईचे भाऊ का?" मी हो म्हणालो.

परतताना सगळे आपापल्या वाटेनं गेले. मला घरी जाववेना. मी सक्करदऱ्याच्या तलावाकाठी जाऊन बसलो. ऊन उतरलेलं होतं, माणसं फिरायला येत होती. तिथे बसून मी देवाशी भांडलो. मोठ्यानं नाही, पण ओठ हलत असावेत, कारण एक म्हातारे गृहस्थ माझ्या बाकावर बसायला आले आणि पुढे निघून गेले. मी त्याला सुलोचनाचं विचारलं. तिच्या हातात सकाळी भाजीची पिशवी होती, ते सांगितलं. तिला मी त्या दिवशी 'गोळी घे, बरं वाटेल' म्हणून कामावर निघून गेलो होतो, ते सांगितलं. रूथबाईंचं विचारलं. मला काहून मागे ठेवलं, ते विचारलं. तीन वर्षं मी त्याच्याशी मंडळीत सगळ्यांच्या देखत बोलत होतो आणि यातलं एक अक्षर त्याला सांगितलं नव्हतं.

उत्तर आलं नाही. पाण्यावरचा उजेड गेला, दिवे लागले. मी बसून राहिलो. कुठलीच मशीन ओरडत नव्हती, कुठे धावायचं नव्हतं, आणि जो बोलत नव्हता त्याच्याजवळ बसून राहायला त्या दिवशी मला जड गेलं नाही.